पान सुटलं, मजकूर राहिला

मराठी वृत्तपत्रांना तंत्रज्ञान जमलं नाही, असं कुणी म्हणालं की मला आधी हसू येतं आणि मग थोडा रागही येतो. बोलणारा बहुधा मोबाइलवर बातम्यांचं एखादं ॲप उघडून बसलेला असतो. जाहिरात घालवायची फुली त्याला सापडत नसते, दोन परिच्छेदांच्या मध्ये ‘हेही वाचा’ घुसलेलं असतं, आणि मथळा असा की बातमी कशाची आहे तेच कळू नये. तेवढ्यावरून तो निकाल देऊन टाकतो की ही मंडळी मागासलेली. मी उमेदीची वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली. यंत्रांच्या बाबतीत इतका हौशी धंदा मी दुसरा पाहिला नाही. बाजारात नवं काही आलं की कर्ज काढून ते आधी घेणाऱ्यांत छापखानेवाले असायचेच. घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. प्रत्येक यंत्र आम्ही पानासाठी घेतलं. मजकुरासाठी एकही घेतलं नाही.

बाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण डेस्कवर दिवस मोजला जातो तोच पानांत. ‘तीन नंबर सुटलं का?’ ‘पाच अडकलंय, जाहिरात यायचीय.’ ‘डाकेचं पान आधी सोडा, गाडी चुकेल.’ पान सुटलं म्हणजे ते छपाईच्या प्लेटकडे गेलं, आता त्यात कुणी हात घालणार नाही, चहा सांगा. त्यातला मजकूर दुसऱ्या दिवशी दुपारी शिळा आणि महिनाअखेरीस रद्दी. वीस वर्षांनी हा मजकूर कुणाला लागेल का, हा प्रश्न या हिशेबात कुठे बसतच नव्हता. विचारला असता तर मुख्य उपसंपादकांनी मला घरी पाठवलं असतं.

मराठीत पान लावणं कधीच सोपं नव्हतं, हेही खरं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघालं तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असायचा. इंग्रजी म्हणजे सव्वीस अक्षरं, त्यांची थोरली-धाकटी रूपं, आकडे, संपलं. नागरीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरून छपाईचे शेकडो खिळे, म्हणजे धातूचे अक्षरठसे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतके देखणे खिळे पाडले की त्यांच्या छपाईचं नाव देशभर झालं. शंकर आबाजी भिसे हा मुंबईचा माणूस तर खिळे पाडण्याच्या यंत्रापायी लंडनला गेला आणि पुढे अमेरिकेत जाऊन राहिला. शंभर-सव्वाशे वर्षं या धंद्याची सगळी अक्कलहुशारी एकाच गोष्टीवर खर्ची पडली होती, ही लिपी कागदावर सुबक कशी उमटेल. मग संगणक आला तेव्हा त्यालाही आम्ही तेच काम सांगितलं, यात नवल काय?

आणि ते त्याने झकास केलं. संगणकावर भारतीय लिप्या उमटवणारं, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्र 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने पुढे नेलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, म्हणजे फाँटचं सॉफ्टवेअर, छापखान्याछापखान्यांत पोचली. पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर उघडायचं, फाँट लावायचा आणि पान बसवायला घ्यायचं. खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या आणि जिल्ह्याच्या गावीच पानं लागू लागली. नव्वदच्या दशकात जिल्हा आवृत्त्यांचं जे पीक आलं ते याच्या जोरावर. तालुक्याच्या वार्ताहराचं पाकीट मात्र बरीच वर्षं एस.टी.च्या कंडक्टरच्या हातूनच यायचं. पेजमेकर टेबलावर आणि बातमी अजून स्टँडवर, अशी आमची संध्याकाळ असायची.

आमच्याकडचे ऑपरेटर काका मुळात जुळारी. आयुष्याचा पूर्वार्ध खिळे जुळवण्यात गेला, उत्तरार्ध कळफलकावर. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कळांचा तक्ता असायचा, पण त्यांनी त्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. ‘ताई, तुम्ही अठरा ओळींची बातमी द्या नाहीतर पंधरा ओळींची, जागा आहे तेवढीच होणार,’ असं म्हणत ते अक्षरांमधलं अंतर केसभर कमी-जास्त करून बातमी चौकटीत अशी बसवायचे की शेवटची ओळ खालच्या रेघेला टेकलेली. खाडाखोड केलेला कागद हातात पडला तरी नजर कागदावर, बोटं चालू आणि तोंडाने मला कुणाच्या घरी काय झालं ते सांगणं चालू.

हे फाँट चालायचे कसे ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. संगणकाला तेव्हा मराठी येत नव्हतं. त्याच्या लेखी पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची, फाँट त्यांच्या जागी नागरी आकार दाखवायचा. आकार म्हणजे पूर्ण अक्षरही नसे. अर्धा ग घ्यायचा, त्याला काना लावायचा, की झाला ग. ‘कि’ हवा असेल तर वेलांटी आधी आणि क नंतर, कारण वेलांटी दिसते डावीकडे. रफाराचं उलट, अक्षर पुरं झालं की मग तो डोक्यावर टाकायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकीच्या फाइलला दुसरीचा फाँट लावला की पडद्यावर गिचमिड. त्यात सॉफ्टवेअरला कुलूपही असायचं, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा एक डोंगल. तो हरवला तर दैनिक बंद, म्हणून आमच्याकडे त्यावर सुतळी बांधून ती टेबलाच्या पायाला अडकवलेली होती.

यातल्या सगळ्या चोरवाटा काकांच्या हाताला ठाऊक होत्या. ‘ओ’ची कळ हाताशी नसली तर अ, काना आणि मात्रा असे तुकडे जोडून ते ओ उभा करत. एखादं जोडाक्षर फाँटमध्ये नसेल तर दोन आकार एकमेकांत सरकवून असं बेमालूम बसवत की मुद्रितशोधकालाही शंका येऊ नये. नियम एकच, कागदावर बरोबर दिसतंय ना, मग बरोबर आहे. छापील पानापुरता तो नियम चोख होता, आजही माझं तेच मत आहे. फक्त पान सुटल्यावर मागे जी फाइल उरत होती, तिच्यात शोधता येईल असं मराठी नव्हतं. नुसत्या आकारांची ओळ होती.

मग संकेतस्थळं आली. परदेशातल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ 1996 मध्येच सुरू केलेलं, म्हणजे पडद्यावर मराठी वाचायला आसुसलेला वाचक वृत्तपत्रांच्या आधीच तिथे येऊन बसला होता. वृत्तपत्रंही पोचली, पण आपला फाँट काखोटीला मारून. आधी आमचा फाँट उतरवून घ्या, मग आमचं दैनिक वाचा. दोन दैनिकं वाचायची तर दोन फाँट. पुढे पानाबरोबर आपोआप उतरणारे फाँट निघाले, ते बहुतेक इंटरनेट एक्स्प्लोररच्याच मर्जीवर चालणारे. सॅन होजेतला भाचा हे सगळे सोपस्कार करून गावच्या गणपतीची बातमी वाचायचा आणि उत्साहाने फोन करायचा. तेवढ्यावर मालक खूश. ‘आपण आता अमेरिकेत पोचलो’ हे वाक्य वर्धापनदिनाच्या भाषणात दरवर्षी यायचं.

तोवर युनिकोड होतं का, म्हणजे सगळ्या संगणकांवर प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत? होतं की. देवनागरी त्यात 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज 2000 मध्ये ते पडद्यावर नीट उमटायलाही लागलं. अडचण वेगळी होती. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लागत त्यांना युनिकोड मराठी झेपत नव्हतं. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय अधिकृतपणे आली ती 2012 च्या सीएस-6 आवृत्तीत. मधली बरीच वर्षं पान जुन्या फाँटमध्ये लागायचं, सुटायचं, आणि मग रात्री उशिरा कुणीतरी पोरगा जुन्या फाँटचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून मजकूर ओढून संकेतस्थळावर टाकायचा. कन्व्हर्टर रफाराला हमखास अडखळे. त्या काळातल्या मराठी संकेतस्थळांवर ‘कायर्क्रम’, ‘पयर्ंत’, ‘वषर्’ असे शब्द सर्रास दिसत. वाचकाला वाटायचं की यांना साधं शुद्धलेखन येत नाही. प्रत्यक्षात रफार छापील पानावर आपल्या जागी ऐटीत बसलेला असायचा. घसरायचा तो कन्व्हर्टरमध्ये, आणि त्याला सावरायला रात्री मुद्रितशोधक नसायचा. तो पान सुटल्यावर घरी गेलेला.

वेबसाठी वेगळा माणूस का नाही, असं एकदा बैठकीत विचारलं गेलं. उत्तर मिळालं, ‘त्यातून पैसे कुठे येतात?’ प्रश्न रास्त होता. छापील जाहिरात विकली जायची कॉलम सेंटिमीटरवर, पट्टीने मोजून. पडद्यावर मोजायचं काय? गूगलच्या ॲडसेन्समध्ये, म्हणजे संकेतस्थळांवर आपोआप जाहिराती लावणाऱ्या सेवेत, मराठीची भर पडली ती थेट 2018 मध्ये. त्याआधी मराठी पानावर जाहिरात चालवायची तर ती स्वतः जाऊन मिळवायची, आणि आमचा जाहिरात प्रतिनिधी सराफ-बिल्डरांना पट्टी दाखवून जागा विकणारा. त्याला ‘इम्प्रेशन’ म्हणजे काय हे समजावणाऱ्यालाही ते फारसं समजलेलं नसायचं. म्हणून ई-पेपर सगळ्यांना आवडला. पान जसंच्या तसं पडद्यावर, जाहिरातदाराला त्याची जाहिरात तेवढीच मोठी दिसते, आणि कुणाला नवीन काही शिकायला नको. पानाचा फोटो काढून तो इंटरनेटवर लावणं हा आमच्या डिजिटल धोरणाचा कळस होता. फोटोत शोधता येत नाही, मोबाइलवर बोटांनी ताणून-ताणून वाचावं लागतं, ही वाचकाची डोकेदुखी.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं वृत्तपत्रांचं उत्पन्न इंटरनेटने नेलं. तालुक्याच्या गावात पहिला घाव इंटरनेटने घातलाच नव्हता. तो घातला फ्लेक्सने. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, दहावीचा निकाल, पुण्यस्मरण, या जाहिरातींवर जिल्हा आवृत्त्या जगत. भाऊंच्या वाढदिवसाची पानभर पुरवणी म्हणजे वार्ताहराचं त्या महिन्याचं टार्गेट पुरं. मग गावोगावी फ्लेक्स छापायची यंत्रं आली आणि चौकाचौकात डिजिटल फलक लागले. पेपरातल्या पाव पानाच्या पैशांत भाऊ आठवडाभर चौकात उभे राहू लागले, खाली चाळीस कार्यकर्त्यांच्या मुंडक्यांसह. पेपरात एवढी मुंडकी कुठे मावतात? पुढे फलकाचाच फोटो फेसबुकवर गेला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरू लागला. निधनवार्ता तर दिवस उगवायच्या आत पोचते, अंत्ययात्रेची वेळ आणि घराच्या लोकेशनसकट. आम्ही ती छापेपर्यंत तिसरा उजाडलेला. आम्हाला वाटायचं वाचक अग्रलेखासाठी पेपर घेतो. तो घ्यायचा कोण गेलं ते बघायला, आणि ते आता पेपरात बघायची गरज उरली नाही. संपादकांना हे ऐकवलेलं आवडायचं नाही. वसुलीला फिरणाऱ्या माणसाला ते केव्हाच कळलं होतं.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. मग डिजिटलचा धडाका लागला. व्हिडिओ करा म्हणाले, सगळे व्हिडिओच्या मागे. फेसबुकवर लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात याची सरासरी दोन वर्षं फुगवून दाखवली जात होती, हे त्या कंपनीने त्याच महिन्यात कबूल केलं होतं, पण ते वाचायला कुणाला सवड होती? 2018 च्या जानेवारीत फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं ठरवलं आणि बातम्यांकडे येणारी गर्दी एकदम ओसरली. आधी दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातला, मग अंगणाचा मालक फाटक लावून घेतो म्हणून ओरडायचं. अशा वेळी मला आमच्या वितरण विभागाची आठवण व्हायची. पहाटेचे गठ्ठे, टेंपो, एजंट, सायकलवरची पोरं. ते जाळं तरी आमचं होतं.

तेही 2020 मध्ये एका झटक्यात थांबलं. मार्चच्या अखेरीस मुंबईत छापील अंक बंद राहिले, एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वाटपावर बंदी घातली, मग काही भाग वगळून ती उठवली. त्या दिवसांत लोकांनी पेपर वाचायचा सोडला नाही, हे मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज पाहत होते. सकाळी सातच्या आत सगळ्या दैनिकांच्या पीडीएफ यायच्या, फुकट. वृत्तपत्रांनी हे बेकायदा आहे म्हणून इशारे दिले, पण ज्याने मोबाइलवर तीन महिने फुकट पान वाचलं तो पुन्हा पैसे कशाला देईल? आणि त्याने तरी वाचलं काय? पुन्हा पानच.

पान नसलेली पत्रकारिता कशी असते ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते बीबीसी मराठीत. 2 ऑक्टोबर 2017 ला सुरू झालेल्या या सेवेच्या मागे छापखाना नव्हता, कॉलम नव्हते, डाक आवृत्ती नव्हती. बातमी लागेल तेवढी लांब, आणि त्याच विषयावरची सहा महिन्यांपूर्वीची बातमी तिच्या पोटात जोडलेली. आमच्याकडे जुनी बातमी काढायची म्हणजे फायलींच्या खोलीत जाऊन धूळ खायची. मला हेवा वाटला. मात्र त्यांच्यामागे ब्रिटनमधला निधी होता आणि आमच्यामागे सराफांची थकीत बिलं, हा फरक विसरून तुलना करणं बरं नाही.

खरी मेख मला कळली ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’वरून. त्यांचा एक अंतर्गत अहवाल 2014 मध्ये फुटला होता. त्यात त्यांनी स्वतःचेच कान उपटले होते. इतक्या वर्षांत हजारो पाककृती छापल्या, पण त्यांना साहित्य काय, वेळ किती लागतो अशा खुणा कधी लावल्याच नाहीत, त्यामुळे वापरता येईल असं भांडार उभं करण्यात वर्षं फुकट गेली. त्यांनी खुणा लावल्या, त्याच वर्षी पाककृतींचं ॲप काढलं आणि 2017 पासून त्याचे वेगळे पैसे घ्यायला लागले. हे वाचून मला आमच्या महिला पुरवण्या आठवल्या. चिपळूणहून, बार्शीहून, खामगावहून पोस्टकार्डावर आलेल्या पाककृती. आषाढातलं तळण, फणसाच्या आठळ्यांची भाजी, ज्वारीच्या कण्या. त्या बायकांनी आपल्या सासूकडून घेतलेलं मोजमाप मी स्वतः डेस्कवर सुधारून लावलंय. ‘चवीपुरतं’ किती ते फोन करून विचारलंय. काही मराठी वृत्तपत्रांकडे असं पन्नास-साठ वर्षांचं घबाड आहे. निम्मं बांधीव फायलींत पिवळं पडतंय आणि निम्मं कुलूपबंद फाँटमध्ये. यूट्यूबवर आज जी कुणी तेच पदार्थ करून दाखवते, तिच्याकडे आमच्याहून जास्त प्रेक्षक आहेत, आणि ते तिने रास्तपणे मिळवलेत.

एकोणिसाव्या शतकातली मराठी नियतकालिकं स्कॅन होऊन आज कुणालाही वाचता येतात. 1998 सालची आमची फाइल मात्र उघडत नाही. कागद टिकला, संगणकाने ठेवलेलं गेलं. माझी चिडचिड होते ती याची.

आता वारं फिरलंय. डिसेंबर 2023 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला न्यायालयात खेचलं. आमच्या बातम्यांवर तुमची यंत्रं शिकवलीत, भरपाई द्या. नोव्हेंबर 2024 मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था हीच तक्रार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुन्या मजकुराला भाव आहे, हे एकदाचं सगळ्या मालकांच्या कानावर गेलं. मागच्या दिवाळीत आमच्या जुन्या मालकांचा मुलगा घरी आला. तो आता कारभार बघतो. हुशार आहे, पुण्यात शिकलाय. अंक, फराळ वगैरे झाल्यावर म्हणाला, ‘मावशी, आपलं जुनं सगळं अर्काइव्ह युनिकोडमध्ये करायचंय. गोदामात सीड्यांचे चार खोके सापडलेत. एका कंपनीला नमुना दिला होता, त्यांचं मशीन निम्म्या ओळी ओळखतं आणि निम्म्या नाही. त्यांना समजत नाही की एकच अक्षर दोन-तीन तऱ्हांनी का टाइप केलंय.’

मी म्हटलं, ‘ते ऑपरेटर काकांना विचार.’

‘आहेत ते अजून?’

आहेत. लेकाकडे असतात, ऐंशीच्या घरात. मी त्याच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. कुठल्या सालापासूनच्या सीड्या, पेजमेकर कुठलं, फाँट बदलला त्याच्या आधीच्या की नंतरच्या, असे तीन-चार प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं आमच्या दोघांकडेही नव्हती. मग म्हणाले, येतो, पण मला तो जुना कळफलक लागेल, मागे प्रिंटरचं पोर्ट असलेला संगणक लागेल, आणि डोंगल कुठाय ते आधी बघा. आणि हो, रोजाने येणार नाही, पानाला किती देणार ते ठरवा.